केसाइतकी रेघ : बोदोनी, दिदो आणि छापील अक्षराचा डौल

फॅशनच्या मासिकाचे मुखपृष्ठ, अत्तराच्या बाटलीवरचे नाव, उंची हॉटेलाची पाटी, श्रीमंत घरची लग्नपत्रिका या सर्व ठिकाणी रोमन अक्षरांचे एक विशिष्ट वळण पुन्हा पुन्हा भेटते. त्यातली उभी रेघ भरदार आणि काळीभोर असते. आडवी रेघ मात्र इतकी बारीक, की कागदावर एखादा केस पडला आहे असे वाटावे. अक्षराच्या टोकांना जोडलेल्या छोट्या आडव्या पट्ट्या, म्हणजे सेरिफ, त्याही तितक्याच बारीक. संगणकावर काम करणारी आपली मंडळी या वळणाला ‘बोडोनी’ किंवा ‘डिडॉट’ या नावांनी ओळखतात. मूळ उच्चार बोदोनी आणि दिदो. पहिला इटलीतील पार्मा शहराचा मुद्रक, दुसरे पॅरिसचे मुद्रक घराणे. फ्रेंच मुद्रणतज्ज्ञ माक्सिमिलियाँ व्हॉक्स याने १९५४ साली छापील अक्षरांचे वर्गीकरण केले, तेव्हा ही दोन नावे जोडून या कुळाला ‘दिदोन’ असे नाव दिले.

आज हे अक्षर ऐश्वर्याची खूण झाले आहे. जन्मले तेव्हा मात्र त्याचा अत्तराशी काही संबंध नव्हता. होमर, व्हर्जिल आणि रासीन छापण्यासाठी ते घडवले गेले, लॉगॅरिथमची कोष्टकेही त्यात छापली गेली. ते सुंदर आहे हे कोणी सहसा नाकारले नाही. वाद झाला तो ते वाचता येते की नाही यावर, आणि सव्वादोनशे वर्षांनंतरही तो मिटलेला नाही. देवनागरीसाठी नव्या अक्षरवळणांची आखणी जोरात चालू असताना हा वाद आपल्याही दाराशी आला आहे. म्हणून त्याचा इतिहास तपासणे अगत्याचे ठरते.

पिसाचे टोक आणि तांब्याचा पत्रा

पंधराव्या शतकात व्हेनिसमध्ये निकोलस जेन्सन याने रोमन खिळे पाडले, तेव्हा त्याच्यासमोर हस्तलिखितांतील अक्षर होते. ते रुंद, सपाट टोकाच्या लेखणीने लिहिलेले असे. अशी लेखणी तिरकी धरली की रेघ एका दिशेला जाड आणि दुसऱ्या दिशेला बारीक उमटते. त्यासाठी हाताला जोर द्यावा लागत नाही. त्यामुळे ‘o’ अक्षराची जाडी किंचित कललेली दिसते आणि जाड-बारीक भेदही बेताचा राहतो. सोळाव्या शतकातील गारामाँचे अक्षर याच परंपरेतले.

सतराव्या शतकापर्यंत लेखनाची साधने बदलली. पिसाचे टोक निमुळते आणि लवचीक झाले. खाली ओढताना दाब दिला की टोक फाकून रेघ जाड होई, वर नेताना ती केसाइतकी बारीक राही. कित्त्यांची पुस्तके तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जात. कोरणीच्या टोकाला बारीक रेघ काढणे अवघड नव्हते. अशा रीतीने सुलेखनाची अभिरुची बदलली, आणि खिळ्यांवर ओतीव अक्षर मात्र जुन्या रुंद लेखणीचेच राहिले. ही तफावत कधीतरी दूर होणारच होती.

पहिले मोठे पाऊल राजाश्रयाने पडले. १६९२ मध्ये चौदाव्या लुईच्या शाही छापखान्यासाठी नव्या अक्षराचे काम विद्वानांच्या समितीकडे सोपवण्यात आले. समितीने प्रत्येक अक्षर चौकटींच्या जाळ्यावर आखले. ४८ बाय ४८, म्हणजे २३०४ घरांचे ते जाळे होते. फिलिप ग्राँझाँ याने त्यावरून पोलादी ठसे कोरले. कोरताना त्याने आपल्या डोळ्याचा कौल घेतला आणि भूमिती जशीच्या तशी स्वीकारली नाही. तरीही दिशा ठरून गेली. अक्षराचा कल सरळ झाला, सेरिफ सपाट आणि बारीक झाले. हे अक्षर शाही छापखान्यापुरते राखून ठेवलेले होते आणि इतरांनी त्याची नक्कल करू नये असा दंडक होता. तरी अभिरुचीला कुंपण घालता आले नाही.

बर्मिंगहॅमचा हट्टी मुद्रक

इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा जॉन बास्करव्हिल हा मूळचा अक्षरशिक्षक. थडग्यांच्या दगडांवर अक्षरे कोरणे हाही त्याचा व्यवसाय होता. पुढे लाखेच्या रोगणाची भांडी करून त्याने पैसा मिळवला आणि तो सगळा मुद्रणात ओतला. नुसते बारीक रेघेचे खिळे पाडून भागत नाही, हे त्याने ओळखले होते. त्या काळच्या हातकागदावर जाळीच्या तारांचे वळ उठलेले असत, त्यांवर बारीक रेघ तुटक उमटे. म्हणून त्याने विणलेल्या जाळीवर तयार केलेला गुळगुळीत कागद वापरला. शाई अधिक काळी केली. छापील ताव तापलेल्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबून चकचकीत केले. १७५७ मध्ये त्याने छापलेला व्हर्जिल या साऱ्या खटाटोपाचे फळ होय.

त्यावर टीकाही लगेच सुरू झाली. या बारीक रेघा राष्ट्राला आंधळे करतील, असा आक्षेप घेतला गेला. बेंजामिन फ्रँकलिन हा स्वतः मुद्रक असल्यामुळे त्याने १७६० च्या सुमारास बास्करव्हिलला एक मजेदार हकिगत कळवली. एका टीकाकाराला फ्रँकलिनने कॅस्लन या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या खिळ्यांचा नमुना दाखवला आणि तो बास्करव्हिलचा असल्याचे भासवले. हे गृहस्थ लगेच त्यातील दोष सांगू लागले आणि वाचताना डोळे दुखतात अशी तक्रार करू लागले. वास्तविक कॅस्लनचे खिळे ते वर्षानुवर्षे बिनतक्रार वाचत आले होते. वाचनसुलभतेच्या चर्चेत डोळ्याइतकाच सवयीचा आणि पूर्वग्रहाचा वाटा असतो, हे या गमतीने दाखवून दिले. तक्रारीत तथ्यच नव्हते असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

पार्माचा बोदोनी

जाम्बात्तिस्ता बोदोनीचा जन्म १७४० मध्ये पिएमाँत प्रांतातील सालुत्सो गावी एका मुद्रकाच्या घरी झाला. अठराव्या वर्षाच्या सुमारास तो रोमला गेला आणि प्रोपागांदा फीदे या धर्मप्रसारक संस्थेच्या छापखान्यात जुळारी म्हणून लागला. या छापखान्यात जगातील नाना लिपींचे ठसे गोळा केलेले होते. ते साफ करून लावून ठेवण्याच्या कामातून तरुण बोदोनीला लिपींची आणि ठसे कोरण्याची गोडी लागली. याच छापखान्याने पुढे १७७१ मध्ये ‘आल्फाबेतुम ब्राम्हानिकुम’ हे पुस्तक काढले. सुट्या खिळ्यांनी छापलेल्या देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. तोवर बोदोनी रोम सोडून गेला होता. तरी आपल्या लिपीचे खिळे आणि या अक्षराचा कर्ता एकाच आवाराशी निगडित आहेत, हा योग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बास्करव्हिलकडे जाऊन काम शिकावे या उद्देशाने तो इंग्लंडला निघाला. वाटेत आजारी पडला आणि गावी परतला. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने शाही छापखाना उभारण्यासाठी त्याला बोलावले. त्यानंतर १८१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो पार्मातच राहिला. सुरुवातीला त्याने पॅरिसच्या फूर्निए याचे खिळे वापरले, मग त्या वळणावर स्वतःचे कोरले आणि हळूहळू वेलबुट्टी टाकून देत निव्वळ अक्षर आणि कोरा समास यांवर येऊन ठेपला. त्याच्या उत्तरकाळातील पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ पाहावे. चार-पाच ओळी, भोवती भरपूर मोकळी जागा, आणि दुसरे काहीही नाही. त्याची कीर्ती युरोपभर पसरली. १७९१ मध्ये लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याने ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही इंग्रजी कादंबरी मुद्दाम पार्मात छापून घेतली. फ्रँकलिनने १७८७ मध्ये त्याला स्तुतिपत्र लिहिले. १८०६ मध्ये त्याने ख्रिस्ती प्रभुप्रार्थना १५५ भाषांत छापली, आणि १८०८ चे त्याचे ग्रीक इलियड नेपोलियनला अर्पण केलेले आहे.

त्याचे खरे स्मारक म्हणजे ‘मानुआले तिपोग्राफिको’ हा अक्षरनमुन्यांचा ग्रंथ. तो १८१८ मध्ये त्याची विधवा मार्गेरिता हिने दोन खंडांत प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेत अक्षराच्या सौंदर्याची चार लक्षणे सांगितली आहेत : एकसारखेपणा, स्वच्छ रेखीवपणा, सुरुची आणि लालित्य. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. या ग्रंथात रोमन अक्षरांचे १४२ संच आहेत. ‘पार्मिजानीना’ हा सर्वांत लहान, ‘पापाले’ हा सर्वांत मोठा, आणि मधल्या आकारांचे अनेक पोटभेद. प्रत्येक आकार स्वतंत्र कोरलेला. लहान आकारात बारीक रेघ थोडी जाड ठेवलेली, अक्षर जरा रुंद, दोन अक्षरांमधली जागा सैल. मोठ्या आकारात मात्र रेघ खरोखर केसावर आलेली. म्हणजे ‘बोदोनी’ नावाचे एकच एक अक्षर कधी अस्तित्वातच नव्हते. एका कल्पनेची ती १४२ रूपे होती. पुढील दोनशे वर्षांत या अक्षराच्या वाट्याला आलेली बरीचशी बदनामी ही गोष्ट विसरल्यामुळे आलेली आहे.

पॅरिसचे दिदो घराणे

त्याच सुमारास पॅरिसमध्ये दिदो घराणे हेच काम अधिक शिस्तीने करीत होते. फ्राँस्वा-आंब्र्वाझ दिदो याने खिळे मोजण्याचे माप पक्के केले. त्याचा एक पॉइंट सुमारे ०.३७६ मिलिमीटर भरतो. त्याने गुळगुळीत कागद तयार करवून घेतला आणि छापयंत्रातही सुधारणा केल्या. त्याचा मुलगा फिरमँ याने १७८४ च्या सुमारास जे ठसे कोरले, त्यांत या वळणाचे सर्व गुण प्रथमच पूर्णत्वाने दिसतात. दुसरा मुलगा पिएर याने ते वापरून लूव्हर राजवाड्यातील छापखान्यातून व्हर्जिल (१७९८) आणि रासीन (१८०१ पासून) यांच्या भव्य आवृत्त्या काढल्या. फिरमँने पानाचा एकसंध पत्रा ओतण्याची स्टिरिओटाइप पद्धत विकसित केली. तिचा उपयोग लॉगॅरिथमच्या कोष्टकांसाठी आणि अभिजात ग्रंथांच्या स्वस्त आवृत्त्यांसाठी झाला. तेव्हा हे अक्षर केवळ धनिकांसाठी होते असे म्हणता येत नाही. राजेशाही, क्रांती आणि साम्राज्य या तिन्ही राजवटी त्याने पाहिल्या, आणि एकोणिसाव्या शतकात युरोपातील बहुतेक पुस्तके त्याच्याच साध्या, थोड्या खडबडीत भावंडांत छापली गेली.

पाहायचे की वाचायचे

या अक्षराचा मुख्य दोष त्याच्या गुणातच दडलेला आहे. उभ्या रेघा एकसारख्या जाड आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या रेघा जवळजवळ अदृश्य असल्या, की ओळ कुंपणाच्या गजांसारखी दिसू लागते. डोळा अक्षरावरून अक्षरावर सरकण्याऐवजी गजांवर अडखळतो. त्यात कागद खरबरीत, शाई पातळ किंवा खिळे झिजलेले असले, तर बारीक रेघ गळून पडते आणि ‘e’ चा ‘c’ होतो. हे अक्षर म्हणजे साखळी आहे. ठसा, कागद, शाई, दाब आणि आकार यांपैकी एक कडी कच्ची निघाली की डौल जातो आणि फक्त त्रास उरतो. बोदोनीवर त्याच्या हयातीतच अशी टीका झाली, की त्याची पुस्तके पाहण्यासाठी आहेत, वाचण्यासाठी नाहीत. त्याच्या आवृत्त्यांत मजकुराच्या चुका राहत, त्यामुळे या टीकेला धार आली.

एकोणिसाव्या शतकाने या अक्षराचे दोन टोकांचे हाल केले. एकीकडे लंडनच्या खिळेकारांनी उभ्या रेघा बेसुमार फुगवून जाहिरातींसाठी ‘फॅट फेस’ नावाचे लठ्ठ अक्षर काढले. लॉटरी, नाटके आणि लिलाव यांच्या भित्तिपत्रकांवर ते झळकले. दुसरीकडे स्वस्त पुस्तकांत तेच अक्षर हलक्या कागदावर फिकट, करडे आणि निर्जीव झाले. शतकाच्या अखेरीस विल्यम मॉरिस याने केल्मस्कॉट प्रेस काढून याविरुद्ध बंड केले. बोदोनीचे अक्षर त्याला कुरूप आणि दुर्वाच्य वाटे. आधुनिक यंत्रयुगातील बेगडीपणाचे मूळच त्याने त्यात पाहिले. मॉरिसचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याने दोष दिला तो बोदोनीला, आणि त्याच्या काळी दुकानांतून खपत होती ती बोदोनीची झिजलेली छाया.

न्याय मिळाला तो विसाव्या शतकात. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटन याने १९०९ च्या सुमारास बोदोनीचे नवे खिळे आखले. त्यात बारीक रेघ किंचित सशक्त केलेली होती, म्हणून ते रोजच्या छपाईत टिकले. जर्मनीत हाइनरिख योस्ट याने १९२६ मध्ये मुळाच्या अधिक जवळ जाणारे रूप दिले. हान्स मार्डरश्टाइग याने १९२२ मध्ये ‘ऑफिचिना बोदोनी’ नावाचा हातछापखानाच काढला आणि पार्मात जपून ठेवलेल्या मूळ साच्यांतून खिळे पाडून त्यांनी पुस्तके छापली. योग्य कागद आणि योग्य दाब मिळाल्यावर तेच बदनाम अक्षर शांतपणे वाचता येते, हे त्या पुस्तकांनी दाखवले. बोदोनीचे ठसे आणि साचे आजही पार्माच्या बोदोनी संग्रहालयात पाहायला मिळतात.

मासिक आणि गणित

फॅशनशी या अक्षराचे नाते जुळले ते मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये. १९३४ पासून ‘हार्पर्स बझार’चे कलासंचालक असलेले अलेक्सी ब्रोडोविच यांनी मोठी छायाचित्रे, भरपूर कोरी जागा आणि या वळणाचे मथळे अशी मांडणी रूढ केली. चकचकीत कागद आणि उत्तम छपाई मासिकाला परवडत होती, म्हणजे अक्षराच्या सर्व अटी पूर्ण होत होत्या. ‘व्होग’चे नावही याच कुळातील अक्षरांत असते. २००७ पासून निघणाऱ्या त्याच्या भारतीय आवृत्तीमुळे ते आपल्या पेपरस्टॉलवरही ओळखीचे झाले.

दरम्यान एक मोठी हानी झाली होती. फोटोटाइपसेटिंग आणि नंतर संगणक आल्यावर एकाच आखणीवरून सर्व आकार काढता येऊ लागले. लहान आकारासाठी आखलेले अक्षर मोठे केले की ठोकळेबाज दिसे, मोठ्यासाठी आखलेले लहान केले की बारीक रेघ नाहीशी होई. बोदोनीने १४२ संच कोरून सोडवलेला प्रश्न सोयीसाठी पुन्हा निर्माण केला गेला. १९९० च्या दशकात काही जाणकारांनी तो ओळखला. जोनाथन हफलर यांनी ‘हार्पर्स बझार’साठी दिदो वळणाचे जे अक्षर केले, ते सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात वेळा आखले. उद्देश एकच : अक्षर कितीही मोठे असो, बारीक रेघ पानावर तेवढीच बारीक दिसावी. १९९४ च्या आयटीसी बोदोनीसाठी आखणीकार पार्माला जाऊन मूळ साहित्य पाहून आले आणि त्यांनी सहा, बारा आणि बहात्तर पॉइंटांसाठी तीन वेगळी रूपे दिली.

या कुळाची एक शाखा मात्र फॅशनपासून कोसभर दूर आहे. डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस गणिताच्या मजकुरासाठी ‘टेक’ ही जुळणीप्रणाली रचली. तिच्यासाठी त्याने ‘कंप्युटर मॉडर्न’ हे अक्षर घडवले. ते मोनोटाइप कंपनीच्या एकोणिसाव्या शतकी ढंगाच्या ‘मॉडर्न’ अक्षरावर आधारलेले आहे, म्हणजे दिदोचेच दूरचे वंशज. पुण्या-मुंबईत भौतिकशास्त्राचा प्रबंध लिहिणारा विद्यार्थी नकळत याच परंपरेत आपली समीकरणे मांडत असतो. विशेष म्हणजे कनूथनेही प्रत्येक आकारासाठी वेगळी मापे ठेवली.

देवनागरीचा प्रश्न

हे सारे रोमन लिपीचे झाले. देवनागरीत जाड-बारीक भेद नवा नाही, पण त्याचे व्याकरण वेगळे आहे. बोरूचे टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने छाटतात. त्यामुळे जाडी उलट कर्णावर पडते, आणि उभा दंड व आडवी शिरोरेषा या दोन्हींना वजन मिळते. बोदोनीचा नियम सांगतो : उभे ते जाड, आडवे ते बारीक. तो आपल्याकडे शब्दशः लावला तर पहिला बळी जाईल शिरोरेषेचा, म्हणजे शब्दाला एकत्र बांधणाऱ्या धाग्याचा. हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ यांच्यातील फरक मुख्यतः शिरोरेषा सलग आहे की तुटलेली यावर उभा आहे. ती रेघ पुसट झाली की वाचणाऱ्याला अंदाज करावा लागतो. ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ गळाली की ‘प’ उरतो. रोमन लिपीत बारीक रेघ गेल्याने जे एखाद्या अक्षराचे होते, ते आपल्याकडे सबंध ओळीचे होऊ शकते.

आपल्या जुन्या खिळेकारांना याची जाण होती. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा कुशल ठसे कोरणारा त्यांना लाभला. निर्णयसागरचे अक्षर बोरूचे जाड-बारीक वळण राखते, गोलाई भरदार ठेवते, आणि तरीही कोणतीही रेघ तुटेल इतकी बारीक होऊ देत नाही. ‘काव्यमाला’तील संस्कृत ग्रंथ असोत की घरोघरी भिंतीला टांगलेले पंचांग असो, दोन्हीकडे ते सारखेच स्पष्ट उमटले. पंचांग माजघराच्या अंधुक उजेडात, चष्म्याशिवाय वाचले जाणार हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

आज देवनागरीतही अतिशय जाड-बारीक भेदाची अक्षरे उपलब्ध आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये काढलेले ‘रोझा वन’ हे त्यांपैकी एक. त्याची रोमन बाजू फॅट फेसच्या परंपरेतली आहे, आणि ते मोठ्या मथळ्यांसाठी व भित्तिपत्रकांसाठीच घडवलेले आहे. तिथे ते शोभते. अडचण येते ती वापरणाऱ्याच्या टेबलावर. मथळ्याचे अक्षर सुंदर दिसले म्हणून तेच लग्नपत्रिकेतल्या पत्त्याला, औषधाच्या वेष्टनावरील सूचनेला किंवा मोबाइलवरील संदेशाला लावले जाते. संगणक आकार लहान करून देतो, पण लहान आकारासाठी लागणारे दुसरे अक्षर देत नाही. मग पत्रिकेवरची तारीख आजोबांना नातवाकडून वाचून घ्यावी लागते.

बोदोनीच्या डौलाची नक्कल करण्याआधी त्याची मेहनत पाहिली पाहिजे. केसाइतकी रेघ ही त्याची खूण खरी, पण ती कुठे वापरायची आणि कुठे आवरायची हे ठरवण्यासाठी त्याने पंचेचाळीस वर्षे ठसे कोरले. देवनागरीत आज मथळ्यांसाठी देखणी अक्षरे भराभर होत आहेत. त्याच वळणाची, पण दहा पॉइंटांत वाचायची, वेगळी आखलेली जोड अक्षरे फार थोडी आहेत. अक्षर आखणाऱ्यांनी ती करावीत, आणि ती येईपर्यंत पत्रिका व पुस्तके जुळवणाऱ्यांनी मथळ्याचे अक्षर मथळ्यावरच थांबवावे. ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे दिसणे ही वाचकाची पहिली गरज आहे, डौल त्यानंतर.